जुन्या फर्निचरातून नवी भातुकली
सीमाभागातील परंपरा, लाकडाची पारख आणि कमी खर्चातील बांधणी

भातुकली म्हणजे मोठ्यांच्या स्वयंपाकघराची मुलांनी केलेली नक्कल. घरातली चूल बदलली की भातुकलीही बदलते. पूर्वी स्वयंपाक बसून होत असे, म्हणून खेळही जमिनीवर मांडला जाई. तीन दगडांची चूल, मातीची बोळकी आणि पितळी भांडी एवढ्यात संसार उभा राही. आजचे मूल ओट्यासमोर उभे राहून होणारा स्वयंपाक पाहते आणि त्यालाही उंचीला बेताचा ओटा हवा असतो. दुकानातील तयार खेळओटे महाग पडतात. जुने टीव्ही स्टँड, टीपॉय किंवा लहान कपाट वापरून तो घरी बांधता येतो. मात्र अशा कामात वाचवलेला पैसा मुलाच्या आरोग्यावर उलटू नये, यासाठी जुन्या वस्तूची पारख आधी करावी लागते.

सीमाभागाची भातुकली

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात भातुकलीला लागणारे साहित्य पूर्वीपासून घडत आले आहे. खानापूरची लाल माती कुंभारकामासाठी प्रसिद्ध असून तेथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम प्रशिक्षण संस्था आहे. बेळगाव जिल्ह्यातीलच गोकाक येथील रंगीत लाकडी फळे आणि भाज्या खेळण्यांच्या दुनियेत नावाजलेल्या आहेत. गोव्याच्या शेजारच्या सावंतवाडीतील चितार आळीतही अशीच लाकडी फळे आणि खेळणी मिळतात. बेळगावचे मांडे पालथ्या खापरावर भाजले जातात. त्यामुळे पालथे घातलेले बोळके म्हणजे मांड्यांचे खापर, हे तेथील मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.

कोणती वस्तू घ्यावी?

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी ओट्याचा पृष्ठभाग जमिनीपासून सुमारे ४५ ते ५५ सेंटीमीटर असावा. मूल उभे असताना त्याच्या कोपराच्या किंचित खाली हात टेकतील, ही सोपी खूण. रुंदी ६० ते ८० आणि खोली ३० ते ४० सेंटीमीटर पुरते. जाड पडद्याचे जुने दूरचित्रवाणी संच गेल्यानंतर अडगळीत पडलेले त्यांचे स्टँड या मापात बहुधा चपखल बसतात. काचेची दारे असल्यास ती प्रथम काढून टाकावीत.

भरीव लाकडाची किंवा चांगल्या प्लायची वस्तू सर्वांत उत्तम. पार्टिकल बोर्ड स्वस्त असतो, पण पावसाळ्यात ओल धरून फुगतो आणि त्यात स्क्रू नीट धरत नाहीत. लाकडाला बारीक भोके असून खाली पिठासारखा भुसा पडत असेल, तर लाकूडकिडा जिवंत आहे असे समजावे आणि ती वस्तू सोडून द्यावी. कीड मारण्यासाठी औषध चोपडलेले लाकूड मुलांच्या खेळण्याला चालत नाही.

खोकी आणि फळ्या फुकट मिळाल्या तरी त्यांचा पूर्वीचा उपयोग विचारून घ्यावा. निपाणी ही तंबाखूची जुनी बाजारपेठ. तंबाखू, खत किंवा कीटकनाशक साठवलेल्या खोक्यांचे लाकूड धुऊन निर्धोक होत नाही. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीतून मिळणाऱ्या पॅकिंगच्या लाकडावर तेलाचे डाग पाहावेत. परदेशी मालासोबत आलेल्या लाकडी चौकटीवर शिक्का असतो. त्यातील ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, तर ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घेऊ नये.

जुना रंग हाच मोठा धोका

घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेल्या फर्निचरच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांत, शिसे बरेच असू शकते. लहान मुले हात तोंडात घालतात. रंगाचे पापुद्रे आणि धूळ त्याच वाटेने पोटात जाते. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि त्याचे कोणतेही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित मानले जात नाही.

म्हणून जुना, रंगवलेला तुकडा घासून नवा करण्याचा मोह टाळावा. कोरड्या पॉलिश पेपरने घासल्यास शिशाची धूळ घरभर पसरते, आणि वरून नवा रंग दिला तरी पापुद्रे निघायचे थांबत नाहीत. न रंगवलेले किंवा सनमायका लावलेले फर्निचर निवडणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बांधणीचा क्रम

पहिल्यांदा खिळे आणि सैल पट्ट्या काढाव्यात, वस्तू साबणाच्या पाण्याने पुसावी आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी. हे काम पावसाळा सरल्यावर हाती घेतलेले बरे. उंची जास्त असल्यास चारही पाय सारख्या मापाने कापावेत.

सिंकसाठी रुंद काठाचे स्टीलचे वाडगे घ्यावे. ते फळीवर पालथे ठेवून कडेने रेघ मारावी आणि काठाच्या रुंदीइतके आत सरकून भोक कापावे, म्हणजे काठ फळीवर टेकतो. त्यामागे प्लास्टिकचा नवा, साधा नळ बसवावा. शेगडीसाठी दोन लाकडी चकत्या चिकटवून आतून स्क्रूने आवळाव्यात. बटणे म्हणून कपाटाच्या मुठी वापरता येतात. त्या नट-बोल्टने बसवल्यास फिरतातही आणि निखळतही नाहीत. खालच्या कप्प्याला दाराऐवजी जुन्या सुती साडीचा पडदा लावावा. दार ठेवायचेच असेल, तर बिजागरीकडील फट ५ मिलिमीटरपेक्षा कमी किंवा १२ मिलिमीटरपेक्षा अधिक असावी, कारण मधल्या मापात बोट अडकते.

कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने गोल करावेत. रंग पाण्यात मिसळणारा आणि डब्यावर शिसेविरहित असा स्पष्ट उल्लेख असलेला निवडावा. तो पूर्ण वाळून वास गेल्यावरच ओटा मुलाच्या हाती द्यावा. मागे भांडी टांगायची फळी लावल्यास वजन वर सरकते, म्हणून संपूर्ण ओटा लोखंडी कोनपट्टीने भिंतीला पक्का करणे आवश्यक आहे.

भांडी आणि वय

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावेल अशी कोणतीही वस्तू देऊ नये. ती घशात अडकू शकते. या वयाला घरातील स्टीलच्या लहान वाट्या, पळी आणि झाकणे पुरेशी असतात. मातीची बोळकी पाच वर्षांनंतर, मोठ्यांच्या देखत द्यावीत. बटणासारखे सेल आणि सुटी चुंबके कोणत्याही वयात नकोत. तयार खेळणी विकत घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून ते खेळण्यांसाठी बंधनकारक आहे.

खर्चाची मांडणी

जुन्या वस्तूंचे भाव गावागणिक आणि घासाघिशीवर बदलतात, म्हणून आधी एकूण रक्कम ठरवावी. उदाहरणार्थ, दोन हजार रुपये ठरवले, तर मूळ वस्तूवर निम्म्याहून कमी खर्च करावा. उरलेले पैसे रंग, कोनपट्टी, स्क्रू आणि सुताराच्या तासाभराच्या मजुरीला लागतात. गोव्यातील वाचकांनी वाहतुकीचा हिशेब वेगळा धरावा. चोर्ला घाटातून टेम्पोने आणलेल्या कपाटाचे भाडे कपाटाच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकते. फर्निचर जवळपास शोधावे आणि बेळगावच्या फेरीत खानापूरची बोळकी व गोकाकची लाकडी फळे तेवढी पिशवीतून आणावीत.

ओटा तयार झाल्यावर एक चाचणी अवश्य करावी. सर्व खण उघडून वरच्या कडेला मोठ्या माणसाने जोराने ओढून पाहावे. तो जागचा हलला, तर भिंतीचा आधार पुन्हा बसवावा. खेळताना मूल त्याला लोंबकळणारच, हे गृहीत धरून केलेली बांधणीच टिकते.