मेडिटेरेनियन जेवण: क्रीटच्या शेतातून लोअर परळच्या टेबलावर

"डॉक्टर, घरच्यांबरोबर बाहेर जेवायचं तर मेडिटेरेनियन बरं ना? हृदयाला चांगलं असतं म्हणतात." हा प्रश्न हल्ली बरेच रुग्ण विचारतात. या जेवणाला ही कीर्ती कशी मिळाली ते कळले, की मेनूकार्डातून काय निवडायचे तेही कळते.

सुरुवात कशी झाली?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन संशोधक अँसेल कीज इटलीत नेपल्सला गेले. तिथल्या कष्टकरी लोकांत हृदयविकाराचे झटके फार कमी दिसत होते. पुढे १९५८ मध्ये त्यांनी सात देशांचा अभ्यास सुरू केला. त्यात ४० ते ५९ वयाच्या सुमारे १२,७०० पुरुषांची अनेक वर्षे पाहणी झाली. हृदयविकाराने होणारे मृत्यू ग्रीसच्या क्रीट बेटावर खूपच कमी, तर पूर्व फिनलंडमध्ये खूप जास्त आढळले. या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या आणि देशांच्या निवडीवरही टीका झाली. पुढे स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७,४०० स्त्री-पुरुषांवर प्रयोग झाला. २०१३ च्या त्याच्या अहवालात त्रुटी सापडल्या. २०१८ मध्ये तो दुरुस्त होऊन पुन्हा प्रसिद्ध झाला, तरी निष्कर्ष साधारण तोच राहिला: या आहाराने हृदयविकार व पक्षाघाताचा धोका कमी होतो.

ते जेवण नेमके कोणते?

क्रीटचा शेतकरी खायचा ते गरिबाचे जेवण होते. जाडाभरडा पाव, कडधान्ये, रानातल्या पालेभाज्या, फळे, ऑलिव्ह तेल, थोडे मासे आणि मांस क्वचितच. शिवाय दिवसभर शेतात राबणे होतेच.

आणि आपल्याकडे?

आज लोअर परळमध्ये जिथे आपण हमस खातो, तिथल्या अनेक जागा पूर्वी गिरण्यांच्या होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार कुटुंब गावी ठेवून चाळीत राहत आणि खानावळीत जेवत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. भात, आमटी, पोळी, भाजी, उसळ, कधी मासे असे ते साधे ताट होते. तो काळ निरोगी होता असे मुळीच नाही. क्षय आणि कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार कामगारांना छळत असे. पण ताटाची मांडणी क्रीटपेक्षा फार वेगळी नव्हती. बदललो आपण: कष्ट गेले, खुर्ची आली आणि ताटात तळण, मैदा व साखर वाढली.

मग मागवायचे काय?

• हमस म्हणजे छोले आणि तीळ. ते पिटासोबत खाण्यापेक्षा काकडी-गाजरासोबत खा. पिटा बहुधा मैद्याचाच असतो.
• फलाफल तळलेले असते, म्हणून सर्वांत मिळून एकच प्लेट पुरे.
• कोशिंबिरीसारखी सॅलड आणि भाजलेले मासे किंवा चिकन जरूर घ्या.
• चीज आणि लोणच्यातले ऑलिव्ह खारट असतात. रक्तदाब असेल तर बेताने घ्या.
• बकलावा वाटून खा. मधुमेह असल्यास एखादा घासच.

महिन्यातून एकदा रेस्टॉरंटमध्ये जेवल्याने हृदय वाचत नाही. या अभ्यासांत फायदा दिसला तो रोजच्या जेवणाचा. मटकीची उसळ, पालेभाजी, ज्वारीची भाकरी, कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे आणि जेवणानंतर शतपावली हे सगळे तुमच्या घरातच आहे. बाहेर जरूर जा, मजेत जेवा. पण औषधे आणि पथ्य आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.