प्राणशक्ती आणि गुरूचा अधिकार : ज्ञानेश्वरी ते गुळवणी महाराज

भारतीय साधनापरंपरेत प्राणशक्ती ही केवळ श्वासाची क्रिया नसून जीवाला परमार्थाकडे नेणारे सामर्थ्य मानली गेली आहे. नाथपंथात हे ज्ञान गुरुमुखातूनच दिले जाई. संत ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीजागृतीचे वर्णन मराठीत केले. मात्र बाराव्या अध्यायात या मार्गातील कष्ट सांगून त्यांनी भक्तीची सुलभता दाखविली. वारकरी संप्रदायाने पुढे नामसाधनेलाच प्राधान्य दिले.

विसाव्या शतकात या कष्टांवर दुसरे उत्तर पुढे आले. कोल्हापूर जिल्ह्यातील कुडुत्री येथे जन्मलेले वामनराव गुळवणी महाराज (१८८६-१९७४) हे वासुदेवानंद सरस्वतींचे शिष्य. लोकनाथतीर्थ स्वामींकडून त्यांना शक्तिपात दीक्षा मिळाली. या दीक्षेत गुरू स्वतःच्या शक्तीने शिष्याची कुंडलिनी जागृत करतो व योगक्रिया आपोआप घडतात, अशी धारणा आहे. पुण्यातील वासुदेव निवास हे या परंपरेचे केंद्र बनले.

दोन्ही मार्गांनी साधना सुलभ केली. परंतु नामाला अधिकाराची अट उरली नाही, तर शक्तिपातात गुरूचा अधिकार अधिकच दृढ झाला. म्हणूनच प्राणशक्तीविचाराचा इतिहास हा मार्गदर्शनाच्या अधिकाराचाही इतिहास ठरतो.