अधिस्वीकृतीची परस्परमान्यता, यूरोपीय उच्च शिक्षणातील
एका देशातील अधिकृत अभिकरणाने विद्यापीठाच्या वा अभ्यासक्रमाच्या गुणवत्तेची तपासणी करून दिलेला निर्णय (अधिस्वीकृती) दुसऱ्या देशाने फेरतपासणी न करता ग्राह्य धरण्याची व्यवस्था. पदवीची मान्यता ही याहून वेगळी बाब होय. तथापि दोहोंचा संबंध निकटचा आहे. संस्थेच्या दर्जाविषयी खात्री नसल्यास तिच्या पदवीधराला परदेशात प्रवेश वा नोकरी मिळणे अवघड होते.

मध्ययुगात हा प्रश्न धर्मसत्तेच्या आधारे सोडविण्याचा प्रयत्न झाला. पोप नववा ग्रेगरी याने १२३३ मध्ये तूलूझ विद्यापीठाच्या पदवीधरांना कोठेही अध्यापन करण्याचा अधिकार दिला. बोलोन्या व पॅरिस विद्यापीठांना तो अनुक्रमे १२९१ व १२९२ मध्ये मिळाला. व्यवहारात मात्र जुनी विद्यापीठे बाहेरच्या पदवीधरांना सहजासहजी स्वीकारीत नसत. पुढे राष्ट्रराज्यांच्या उदयानंतर पदवीचे नियमन हा ज्या त्या राज्याचा अधिकार बनला.

दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोप परिषदेच्या पुढाकाराने प्रवेश-अर्हता (१९५३), परदेशातील अध्ययनकाल (१९५६) व पदव्या (१९५९) यांच्या मान्यतेविषयी करार झाले. यूरोप परिषद व यूनेस्को यांच्या १९९७ च्या लिस्बन कराराने या विचाराला नवे वळण दिले. त्यानुसार दोन अर्हतांत लक्षणीय फरक असेल, तरच मान्यता नाकारता येते आणि तो फरक दाखविण्याची जबाबदारी अर्जदारावर नसून मूल्यमापन करणाऱ्या संस्थेवर असते.

बोलोन्या जाहीरनाम्यावर १९९९ मध्ये २९ देशांनी सह्या केल्या. पदव्यांची रचना त्यामुळे समान होऊ लागली. परंतु गुणवत्तेची तपासणी राष्ट्रीय पातळीवरच राहिली. अनेक देशांतील विद्यापीठांनी मिळून चालविलेल्या संयुक्त अभ्यासक्रमांना याची विशेष झळ बसली. एकाच अभ्यासक्रमाची प्रत्येक देशात स्वतंत्र तपासणी होई व निकष कधीकधी परस्परविरोधी असत. नेदर्लंड्स व बेल्जियममधील फ्लँडर्स यांनी २००३ च्या कराराने सामाईक अभिकरण स्थापण्याचे ठरविले. त्याच वर्षी काही राष्ट्रीय अभिकरणांनी परस्परांचे निर्णय मान्य करण्याच्या हेतूने संघ स्थापन केला. गुणवत्ता-निश्चितीची समान मानके २००५ मध्ये बर्गेन येथे स्वीकारण्यात आली आणि त्यांचे पालन करणाऱ्या अभिकरणांची यूरोपीय नोंदवही २००८ मध्ये ब्रुसेल्स येथे सुरू झाली. येरेव्हान येथील २०१५ च्या मंत्रिपरिषदेने संयुक्त अभ्यासक्रमांसाठी एकच सामाईक कार्यपद्धती संमत केली. तीनुसार नोंदवहीतील एका अभिकरणाची तपासणी सर्व सहभागी देशांत पुरेशी मानणे अपेक्षित आहे.

या निर्णयांना कायद्याचे बळ मात्र आपोआप लाभत नाही. परकीय अभिकरणाचा निर्णय स्वीकारावयाचा की नाही, हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवितो. ज्या देशांनी आपल्या कायद्यात तशी तरतूद केलेली नाही, तेथे दुहेरी तपासणी टळत नाही.