गाडी पळाली, पण हक्क पळालेला नाही

“गाडीच सापडली नाही, तर पैसे देणार कोण, दादा?”

आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीत एका मावशीने मला हा प्रश्न विचारला. तिचा नवरा वीटभट्टीवरून रात्री सायकलने घरी येत होता. मागून येणाऱ्या गाडीने त्याला उडवले आणि ती पळून गेली. फिर्याद झाली, पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेम झाले. त्यानंतर मावशी पोलीस ठाण्यात गेली की एकच उत्तर मिळायचे, “नंबर मिळाला का काही? मग बघू.” जणू तपास मावशीनेच करायचा होता! अकरा महिने गेले. कागदावर ‘अज्ञात वाहन’ एवढे दोन शब्द होते आणि त्या दोन शब्दांवर एका घराची आशा संपली होती.

खरे तर ती आशा तिथे संपायला नको होती. गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते. हा कायदा काल-परवाचा नाही, त्याला चाळीस वर्षांहून अधिक इतिहास आहे. पण त्या अकरा महिन्यांत हे मावशीला कोणीही सांगितले नाही. सांगायला कोणी गेले नाही यात आपणही आलो, हे आधी कबूल करू आणि मग इतिहासाकडे वळू.

चाळीसगावचा टांगा

रस्ता, अपघात आणि जात यांचे नाते समजून घ्यायचे तर 1929 मधल्या चाळीसगावला जावे लागते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. वस्तीतले लोक त्यांना न्यायला स्टेशनवर आले होते. पण अस्पृश्याला टांग्यात बसवून नेणे टांगेवाल्याला कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मात्र वस्तीतलाच एक जण. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या मोरीवर अपघात झाला. घोडा आणि टांगा खाली गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी स्वतः हा प्रसंग नोंदवला आहे.

आता विचार करा, या अपघाताला जबाबदार कोण? लगाम धरणारा तो बिचारा माणूस? कोर्टात खटला गेला असता तर निष्काळजीपणा त्याचाच ठरला असता. पण ज्याने त्याच्या हाती लगाम द्यायची वेळ आणली, तो टांगेवाला त्या मोरीवर हजरच नव्हता, आणि त्याच्या मागे उभी असलेली जातिव्यवस्था तर कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. ‘चूक कोणाची ते सिद्ध करा, मग भरपाई मागा’ हा नियम वरवर निष्पक्ष दिसतो. प्रत्यक्षात, ज्याच्याकडे वकील नाही, साक्षीदार नाही, कामावर खाडा करायची ऐपत नाही, त्याच्यासाठी हा नियम म्हणजे बंद दरवाजा असतो.

चूक सिद्ध न करता भरपाई

हा दरवाजा आधी कामगारांच्या बाजूने उघडला. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तत्त्व मान्य केले की कामामुळे, काम करताना कामगार जखमी झाला तर मालकाची चूक सिद्ध न करताही त्याला भरपाई मिळावी. पुढे दुसऱ्या महायुद्धात नवा प्रश्न आला. कारखान्यावर, बंदरावर बॉम्ब पडला आणि कामगार मेला, तर शत्रूच्या विमानावर दावा कोणत्या कोर्टात लावायचा? त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. 1943 मध्ये युद्धजन्य इजांच्या भरपाईचे विमा विधेयक त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात मांडले आणि त्याचा कायदा झाला. मालकांनी विम्याचे हप्ते भरायचे, त्यातून निधी उभा राहायचा आणि भरपाईची हमी त्या निधीने द्यायची.

मित्रांनो, या रचनेकडे नीट बघा. इजा करणारा हाती लागत नाही, म्हणून इजा झालेल्याला वाऱ्यावर सोडायचे नाही. जोखीम सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची. आजची ‘हिट अँड रन’ची भरपाई थेट या कायद्यातून आली असे मी म्हणत नाही. पण दोन्हींच्या मागचे तत्त्व एकच आहे, आणि ते तत्त्व या देशाच्या कायद्यात रुजवणाऱ्यांमध्ये आपला बाप होता, हे आपल्या पोरांना माहीत असले पाहिजे.

पाच हजारांपासून दोन लाखांपर्यंत

रस्त्यावर हे तत्त्व यायला फार वेळ लागला. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात 1956 च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणे आली. पण चालकाचा निष्काळजीपणा दाखवणे भागच होते. गाडीच अज्ञात असेल तर दावा कोणावर लावणार?

1982 मध्ये कायदा बदलला. चूक सिद्ध न करता ठरावीक भरपाई द्यायची तरतूद झाली आणि पळून गेलेल्या गाडीसाठी वेगळा सांत्वना निधी आला. त्यातून मृत्यूला 5,000 आणि गंभीर दुखापतीला 1,000 रुपये मिळत. 1988 च्या नव्या कायद्यात हे आकडे 8,500 आणि 2,000 झाले. 1994 मध्ये ते 25,000 आणि 12,500 वर गेले. आणि मग सरकार झोपी गेले. 27 वर्षांहून अधिक काळ गरिबाच्या जिवाची किंमत 25,000 रुपयेच राहिली. 2019 च्या दुरुस्तीनंतर 1 एप्रिल 2022 पासून ती मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये झाली.

कोणी म्हणेल, वाढले ना शेवटी, अजून काय पाहिजे? त्यांना एक प्रश्न. याच कायद्याच्या कलम 164 नुसार गाडी सापडली तर चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. गाडी पळाली तर 2 लाख आणि 50,000. म्हणजे पळाला चालक, तपासात अपयशी ठरले पोलीस, आणि दंड मात्र मेलेल्याच्या बायकापोरांना! संविधानाच्या अनुच्छेद 14 मधली समानता ती हीच का?

रात्री रस्त्याच्या कडेने पायी कोण चालतो, सायकल कोण चालवतो, फुटपाथवर कोण झोपतो, ते सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. आपापल्या वस्तीतल्या गेल्या दहा वर्षांतल्या मयती आठवा.

चवदार तळे आणि 205 अर्ज

आता सर्वात बोचरा आकडा. 2022 या वर्षात देशात 67,387 ‘हिट अँड रन’ अपघातांची नोंद झाली. आणि 2022-23 या आर्थिक वर्षात भरपाईसाठी अर्ज आले फक्त 205. त्यातले निकाली निघाले 95. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 12 जानेवारी 2024 च्या निकालात आहेत. प्रत्येक अपघातात मृत्यू किंवा गंभीर दुखापत होतेच असे नाही, हे मान्य. तरीही 328 अपघातांमागे एक अर्ज, याचा अर्थ एकच निघतो. लोकांना हक्क माहीत नाही.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते, पण 20 मार्च 1927 पर्यंत त्या पाण्याला आपल्या माणसांची ओंजळ लागली नव्हती. कायद्याने दिलेला हक्क पायी चालत जाऊन बजावावा लागतो, हा महाडचा धडा आहे. भरपाईचा निधी हे आजचे चवदार तळे आहे. पाणी आहे, ठराव आहे, काठावर मात्र कोणी पोचलेले नाही.

आपण करायचे काय?

त्याच निकालात न्यायालयाने पोलिसांवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. एका महिन्यात गाडीचा तपशील मिळाला नाही, तर जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची माहिती पोलिसांनी लेखी द्यायची आहे आणि अपघाताचा अहवाल दावा चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. म्हणून महिना झाला की पोलीस ठाण्यात जा आणि ते लेखी पत्र मागा. ‘नंबर आणा’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. ‘अ’ समरी झाली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही असा अहवाल गेला, म्हणून भरपाईचा हक्क संपत नाही.

अर्ज तालुक्याच्या ठिकाणी, दावा चौकशी अधिकारी म्हणून काम पाहणाऱ्या प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. सोबत फिर्यादीची प्रत, पोस्टमॉर्टेम किंवा जखमेचा दाखला, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील ठेवा. चौकशी एका महिन्यात व्हायला हवी. त्यानंतर मंजुरी जिल्हाधिकारी देतात आणि पैसे थेट खात्यात येतात. पुढे गाडी सापडून न्यायाधिकरणाकडून जास्त भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करावी लागते, हेही कुटुंबाला आधीच सांगा. अर्ज अडला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना तिथे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. शिवाय या योजनेवर देखरेख करणारी जिल्हा समिती दर दोन महिन्यांनी भरली पाहिजे, असा न्यायालयाचा आदेश आहे आणि प्राधिकरणाचे सचिव तिचे निमंत्रक आहेत. आपल्या जिल्ह्यात ही समिती शेवटची कधी भरली, हा प्रश्न माहिती अधिकारात विचारा.

जयंतीच्या वर्गणीची पावती फाडायला आपली पोरे घरोघरी जातात. त्याच घरांत रस्त्यावर गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो असतो. त्या फोटोखाली दोन मिनिटे बसून विचारा, “अर्ज केला होता का?” मावशीचा अर्ज आम्ही बारावा महिना सुरू झाल्यावर भरला. तो पहिल्याच महिन्यात भरता आला असता. पुढच्या मावशीला अकरा महिने थांबायला लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

जय भीम!