भिंतीआडचं पाणी

मीरा रोडला हल्ली कुठल्याही जुन्या इमारतीत शिरा, एका तरी मजल्यावर हातोड्याचा आवाज चालू असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'बाथरूमचं काम काढलंय.' चाळीस वर्षांपूर्वी इथे ज्या चार मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या न्हाण्या चार बाय सहाच्या. भिंतीवरून उघडे गेलेले लोखंडी पाइप, एक पितळी नळ आणि खाली बालदी. आता शेजारचा संडास त्यात मिळवून तिथे काचेचं पार्टिशन, भिंतीला टांगलेलं कमोड आणि डोक्यावर पावसासारखा पडणारा शॉवर बसतो. नुसत्या सामानाचाच खर्च काही लाखांवर जातो. आणि या थाटाचं मुख्य लक्षण कोणतं, तर पाइप कुठेही दिसत नाही. दिसते ती फक्त चकचकीत तोटी. पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं, हे भिंत कोणाला सांगत नाही.

या न दिसणाऱ्या पाण्याविषयी आज बोलायचं आहे. पाणी लपवून आणण्याची कला आपल्याकडे नवी नाही. ती चारशे वर्षांहून जुनी आहे. पण जुन्या लोकांनी ती करताना एक नियम पाळला होता, आणि तोच आपल्या हातून सुटत चालला आहे.

आधी थोडं दूर जाऊ. सन १२०६ मध्ये अल-जझरी या कारागिराने यंत्रांवरचा एक अरबी ग्रंथ पूर्ण केला. आज तुर्कस्तानात असलेल्या दियारबकरच्या राजाच्या पदरी तो होता. त्या ग्रंथात हात धुण्याचं एक यंत्र आहे. बाहेरून पाहावं तर मोर. त्याची शेपटी ओढली की चोचीतून पाणी पडतं. खालच्या भांड्यात पाणी भरत गेलं की आतला तरंगणारा भाग वर उचलला जातो, दार उघडतं आणि एक बाहुली साबणाची पूड पुढे करते. आणखी पाणी भरलं की दुसरी बाहुली रुमाल घेऊन येते. सगळी यंत्रणा आत, बाहेर फक्त मोर. आपल्या फ्लशच्या टाकीत पाणी भरलं की नळ बंद करणारा जो बॉलकॉक असतो, तोही तरंगण्याच्या याच तत्त्वावर चालतो.

राजाच्या दिवाणखान्यात मोर शोभतो. दख्खनमध्ये मात्र लपवलेलं पाणी गावाच्या कामाला आलं. हबशी गुलाम म्हणून या मुलखात आलेल्या मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. राजधानी झाली, पण तिला पुरेल एवढी मोठी बारमाही नदी जवळ नव्हती. मलिक अंबरने डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी गोळा केलं आणि भुयारी नहरीने शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही; होता तो फक्त उताराचा हिशेब. या नहरीवर ठिकठिकाणी आत उतरण्याची तोंडं ठेवली होती. गाळ साचला, चिरा निखळला, तर माणूस आत जाऊन पाहू शके. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी अशाच एका नहरीचं पाणी आणलं गेलं. ते उंच भिंतीवरून हौदात पडे आणि त्याच्या जोरावर चक्की फिरे. आलेल्या-गेलेल्या फकिरांसाठी, मुशाफिरांसाठी तिथे पीठ दळलं जाई. पाणचक्की म्हणून आपण आज ती पाहायला जातो.

पुण्याचंही तसंच. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून बांधीव भुयारी नळाने पाणी शहरात आणलं. ते शनिवारवाड्यात गेलं आणि वाड्याबाहेरच्या हौदांतही गेलं. काळा हौद, बदामी हौद ही नावं पुणेकरांच्या तोंडी त्यामुळेच आली. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं याच काळाच्या वैभवाची खूण. पण मला त्या कारंज्यापेक्षा एका शब्दाचं जास्त अप्रूप वाटतं. कात्रजच्या नळावर ठरावीक अंतरावर दगडी बांधकामाची तोंडं वर काढली होती. कोंडलेली हवा बाहेर जावी, आत उतरून साफसफाई करता यावी, म्हणून. त्यांचं नाव 'उच्छ्वास'. पाण्यालाही श्वास सोडायला जागा लागते, हे ज्या गवंड्याला कळलं त्याला कवी म्हणायला माझी हरकत नाही.

जुन्यांचा नियम म्हणतो तो हाच. पाणी जमिनीखालून न्या, भिंतीतून न्या, पण त्याच्यापाशी पोचायची वाट ठेवा.

विलायतेत याच सुमारास दुसरा प्रश्न सुटला. घरात संडास आणला की मागोमाग दुर्गंधी येई. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने वाकड्या पाइपाचं पेटंट घेतलं. त्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटारातली हवा घरात येऊ देत नाही. कितीही महागडं कमोड आणा, त्याचा पहारेकरी म्हणजे हे ओंजळ-दोन ओंजळ पाणी. न्हाणीच्या जाळीखालीही तसंच एक भांडं बसवतात. भारतभरच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. साहेबाच्या शास्त्राच्या शेजारी आपल्याकडची न्हाणी अशी जाऊन बसली आहे. सुट्टीवरून परतल्यावर न्हाणीला वास मारतो तो यातलं पाणी वाळल्यामुळे. दोन तांबे पाणी ओतलं की पहारेकरी पुन्हा उभा राहतो.

मुंबईला १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने मिळू लागलं. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलाव आला. विहार आणि तुळशी ज्या डोंगरांत आहेत, त्याच डोंगरांचं उत्तरेचं टोक आमच्या घोडबंदरपाशी उतरतं. पण ते पाणी दक्षिणेला मुंबईकडे गेलं. इकडे मिठागरं, खाडी आणि मचूळ विहिरी. खाडीपलीकडे वसईत १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते. ते गेले, पण बालदी, पिंप, घमेलं हे शब्द मागे राहिले. हौद अरबीतून आला, हमामही अरबीतूनच. आपल्या न्हाणीघरात किती देशांचे लोक नांदतात, हे शब्दकोश उघडल्यावर कळतं.

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ सालची आणि महानगरपालिका २००२ ची. १९९१ च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं होती, २००१ मध्ये पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर. माणसं लोकलने आली, पाणी मात्र लांबून आणावं लागलं. उल्हास नदीवरच्या शहाड-टेमघर योजनेचं पाणी आणि बारवी धरणाच्या भरवशावरचं एमआयडीसीचं पाणी, यांवर हे शहर वाढलं. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीचं पाणी आणण्याची एमएमआरडीएची योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची. त्यात मीरा-भाईंदरचा वाटा २१८ दशलक्ष लिटरचा आणि बाकीचा वसई-विरारचा. त्यासाठी डोंगरांच्या पोटातून बोगदे काढावे लागले. मी १९९४ साली इथे राहायला आलो तेव्हा टँकरची शिटी वाजली की जिन्यात पावलांची धांदल उडे. रात्री दोनला उठून पिंप भरणारी पिढी अजून हयात आहे. गुळगुळीत तोटीकडे पाहताना ती जरा जास्त वेळ पाहते, ते उगीच नाही.

आता पुन्हा हातोड्याच्या आवाजाकडे येऊ. हे काम करतात कसं? आधी जुनी फरशी आणि प्लास्टर उखडतात. भिंतीत झिरी पाडून गरम-थंड पाण्याचे पाइप बसवतात. जुन्या लोखंडी पाइपांचे सांधे सूत आणि सफेदा लावून घट्ट करत. आता सीपीव्हीसीचे पाइप सोल्युशनने चिकटवतात. शॉवरचा डायव्हर्टर भिंतीत किती खोल बसवायचा, याच्या खुणा त्याच्या आवरणावरच असतात. टाइल्सची जाडी धरून तो हिशेब करावा लागतो. थोडा जास्त आत गेला तर दांडा पोचत नाही, बाहेर राहिला तर वरची तबकडी भिंतीला टेकत नाही. जमिनीला जाळीकडे उतार हवा, फुटामागे साधारण पाव इंच. मलिक अंबरचा हिशेब अजून सुटलेला नाही.

मग येते परीक्षा. पाइपांची तोंडं बंद करून पंपाने नेहमीच्या दीडपट दाब चढवायचा, काटा लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो खाली आलाय का पाहायचं. वॉटरप्रूफिंग झालं की जाळीचं तोंड बुजवून जमिनीवर पाणी साठवायचं आणि खालच्या घराचं छत पाहून यायचं. भिंत बंद करायची ती त्यानंतर. याला दोन-तीन दिवस जातात, आणि घाईच्या कामात नेमके तेच दिवस वाचवले जातात.

दाबाचीही एक गोष्ट सांगतो. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ जवळपास एक बार दाब देतो. वरच्या मजल्याच्या डोक्यावर गच्चीवरची टाकी असते तीन-चार मीटरवर. म्हणजे दाब एक तृतीयांश बारच्या आसपास. दुकानात मुसळधार कोसळणारा शॉवर घरी आल्यावर रिमझिम करतो, तो यामुळे. मग दाबाचा पंप लावावा लागतो. पैशाने तोटी विकत मिळते, उंची मिळत नाही.

आमच्या ओळखीच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असं झकास बाथरूम झालं. पावसाळा गेला आणि खालच्या घराच्या छताला ओल आली. वरचे म्हणाले, आमचं काम नवं आहे, आमच्याकडून असणं शक्य नाही. खालचे म्हणाले, मग हे पाणी काय आकाशातून येतं? ईदला शीरखुर्म्याचा वाडगा खाली जायचा, दिवाळीला चकल्यांचं ताट वर यायचं. त्या वर्षी दोन्ही बंद झालं. 'भाभी' आणि 'ताई' अशा हाका मारणाऱ्या दोघी जिन्यात समोरासमोर आल्या तरी मान वळवू लागल्या. शेवटी भिंत फोडली. एका कोपऱ्यातला सांधा थेंब थेंब गळत होता. पाइप कुठून गेलाय हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तो सापडायच्या आधी तीन ठिकाणी फोडावं लागलं, आणि तशा टाइल्स बाजारात उरल्या नव्हत्या. सांधा तासाभरात दुरुस्त झाला. हाका पुन्हा सुरू व्हायला वर्ष लागलं.

तो सांधा ज्याने शोधला तो प्लंबर ओडिशाचा. मुंबई परिसरात या कामात ओडिया कारागीर बरेच आहेत, आणि त्यांतले कितीतरी केंद्रपाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडाई भागातले. प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही तिथे आहे. लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात. रोमन लोक शिशाचे नळ करत, त्यावरून प्लंबर हा शब्द आला. शब्द रोमचा, माणूस पट्टामुंडाईचा, भिंत मीरा रोडची. पाइपासारखाच हा माणूसही काम संपलं की दिसेनासा होतो. टाइल्स कोणत्या दुकानातून आणल्या हे पाहुण्यांना सांगितलं जातं; सांधे कोणी जोडले हे कोणी विचारत नाही.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, 'चाचा, भिंत बंद करायच्या आधी फोटो काढून ठेवायला सांगा लोकांना. शेजारी टेप धरा, म्हणजे माप कळेल. चार टाइल्स जादा आणून माळ्यावर टाका. आणि जिथे व्हॉल्व्ह आहे तिथे फूटभर दार ठेवू द्या. मी ठेवतो म्हटलं की मालक म्हणतात, दिसायला वाईट दिसतं.'

स्वित्झर्लंडच्या गेबेरिट कंपनीने १९६४ मध्ये भिंतीत लपणारी फ्लशची टाकी काढली. तिच्या बटणाची पट्टी काढली की हात आतपर्यंत जातो आणि टाकीतले सुटे भाग बदलता येतात. म्हणजे ज्यांनी टाकी लपवली, त्यांनीही दार ठेवलंच. कात्रजच्या गवंड्याने ठेवलं, खडकीच्या नहरीवर ठेवलं गेलं. ते फूटभर दार दिसायला वाईट दिसत असेल तर त्यावर भिंतीच्या रंगाचं झाकण लावा. पण ते असू द्या. त्याला आपल्या भाषेत नाव आहे, आणि ते नाव चांगलं आहे: उच्छ्वास.