शेवटच्या प्याल्याची वेळ

टी. एस. एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’ (१९२२) या कवितेच्या दुसऱ्या भागात लंडनमधल्या एका पबातले बोलणे कानी पडते. एक बाई लिल नावाच्या आपल्या मैत्रिणीची हकिकत सांगत असते आणि पब बंद करायची वेळ झाल्याची हाळी तिच्या बोलण्यात पाच वेळा घुसते. या हाळीचा अर्थ लावताना आपण बहुधा थेट काळ, मृत्यू, अंतिम न्याय इथवर उडी घेतो. ती उडी गैर नाही. पण हाळीमागे एक कायदाही उभा होता आणि कवितेच्या पहिल्या वाचकांना तो चांगलाच ठाऊक होता, हे वर्गात सहसा निघत नाही.

१९१४पूर्वी लंडनचे पब पहाटे पाचला उघडत आणि रात्री साडेबाराला बंद होत. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या पिण्याची सरकारला धास्ती वाटू लागली. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि दारू या तीन शत्रूंपैकी दारू हाच सर्वांत मोठा, असे लॉईड जॉर्ज यांनी १९१५ साली जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी मद्यनियंत्रणासाठी एक मध्यवर्ती मंडळ नेमले गेले आणि त्याने ठिकठिकाणी विक्रीची वेळ दिवसाला साडेपाच तासांवर आणली: दुपारी अडीच तास, संध्याकाळी तीन. दुसऱ्याला दारू पाजण्यावरही बंदी आली. इंग्रजी पबात मित्रांनी आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवायचे, अशी रीत. चार मित्र असले की चार पेले होणारच. मंडळाने नेमके या रीतीवर बोट ठेवले. पिणे ही व्यक्तीची खोड असेल, पण किती प्यायचे हे मंडळीच ठरवतात, ही जाण त्या आदेशात दिसते.

परिणाम दिसला. १९१३मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये दारू पिऊन धिंगाणा घातल्याबद्दल सुमारे १ लाख ८९ हजार जणांना शिक्षा झाली होती. १९१८मध्ये हा आकडा सुमारे २९ हजारांवर आला. मात्र याचे सगळे श्रेय घड्याळाला देता येत नाही. याच काळात बिअर पातळ आणि महाग झाली होती आणि पिणारे लाखो तरुण खंदकांत होते. युद्ध संपले तरी आखडलेल्या वेळा राहिल्या. १९२१च्या कायद्याने त्या कायम केल्या. दुपारची सक्तीची सुट्टी तर थेट १९८८पर्यंत टिकली आणि रविवारची १९९५पर्यंत.

घड्याळ माणसाच्या पिण्याला कसा आकार देते, हे पाहायचे तर ऑस्ट्रेलियाकडे वळावे. १९१६ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि टास्मानिया या राज्यांत संध्याकाळी सहानंतर विक्री बंद झाली. न्यूझीलंडमध्ये १९१७च्या डिसेंबरात. हेतू असा, की पुरुषांनी वेळेवर घरी जावे. पण कचेऱ्या आणि कारखाने पाचला सुटत. उरलेल्या तासाभरात जमेल तितके घशाखाली लोटायचे, अशी पद्धत पडली. इंग्रजीत तिला डुकरांच्या खरकट्यासाठी वापरला जाणारा शब्द चिकटला, यातच काय ते आले. बसून गप्पा मारायला वेळच नव्हता. म्हणून खुर्च्या गेल्या, भिंतींवर धुवायला सोप्या फरश्या बसल्या. म्हणजे कायद्याने केवळ वेळ बदलली नाही, वास्तू बदलली, तीतली वागणूक बदलली, आणि बाईमाणसाला तिथे पाऊल ठेवणे अधिकच अवघड झाले. न्यू साउथ वेल्समध्ये ही वेळ १९५५ साली रात्री दहापर्यंत वाढली; व्हिक्टोरियात मात्र १९६६ साल उजाडावे लागले, कारण १९५६च्या सार्वमतात लोकांनीच बदल नाकारला होता. ज्या रीतीला सगळे नावे ठेवतात, ती मोडायला सगळे तयार नसतात.

इथे ‘एकच प्याला’ आठवणे अपरिहार्य आहे. गडकऱ्यांचे हे नाटक रंगभूमीवर आले ते १९१९ साली, म्हणजे याच काळात. त्याची सारी चिंता पहिल्या प्याल्याची आहे. परवान्याच्या कायद्याला पहिल्याशी कर्तव्य नाही. त्याला शेवटच्याची काळजी. आपल्याकडे दारूबंदीचा वाद पहिल्या प्याल्याभोवतीच फिरत राहिला, आणि मुंबई प्रांताच्या १९४९च्या कायद्यातून आलेला ‘परमिट’ हा शब्द आजही बारच्या पाट्यांवर आहे. शेवटच्या प्याल्याचे समाजशास्त्र मराठीत फारसे कोणी लिहिले नाही.

ब्रिटनने उलटा प्रयोग केला तो २००५मध्ये. २००३चा परवाना कायदा त्या वर्षी २४ नोव्हेंबरला इंग्लंड आणि वेल्समध्ये अमलात आला. अकराच्या ठोक्याला सगळे एकदम रस्त्यावर येतात, घाईने पितात आणि मारामाऱ्या करतात. वेळ सैल केली तर युरोप खंडातल्या कॅफेंसारखे संथ, जेवणाबरोबरचे पिणे रुजेल, अशी सरकारची आशा होती. वर्तमानपत्रांनी अनर्थाचे भाकीत केले. दोन्ही खोटे ठरले. गृहखात्याने २००८ साली घेतलेल्या आढाव्यात एकंदर गुन्हे वाढलेले दिसले नाहीत. पहाटे तीन ते सहा या वेळात मात्र ते वाढले. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात रात्री दारूमुळे येणाऱ्यांची संख्या वाढली. अन्यत्र झालेले अभ्यास याहून स्पष्ट बोलतात. नॉर्वेतील १८ शहरांच्या अभ्यासात (२०१२) बंद होण्याची वेळ एक तासाने पुढे गेली, की हल्ल्यांत सुमारे १६ टक्के वाढ आढळली.

माझ्या मते ब्रिटिश सरकारची चूक वेळेबाबतची नव्हती, उपमेबाबतची होती. पॅरिसचे किंवा रोमचे पिणे उशिरापर्यंत चालते म्हणून संथ नसते. ते जेवणाला बांधलेले असते. जेवणाची रीत अधिनियमाने आयात होत नाही. ऑस्ट्रेलियाचा अनुभव मात्र सांगतो, की वाईट रीत अधिनियमाने घडवता येते, आणि तीही काही वर्षांत.

ब्रिटनमधील दरडोई मद्यसेवन २००४च्या सुमारास शिगेला पोचले आणि मग उतरत गेले, म्हणजे वेळा वाढल्यानंतर! पबांची संख्याही घटत राहिली. सुपरमार्केटातली स्वस्त दारू घेऊन लोक घरी बसू लागले. तिथे वेळ झाल्याची हाळी द्यायला कोणी नसते.