चाक आणि थापटणे

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या गावच्या बाजारात पणत्यांची रास येऊन पडते. घेणारा भाव करतो, एखादी पणती टिचकी मारून पाहतो आणि दोन डझन पिशवीत टाकून घरी जातो. त्या पणतीला वात टेकण्यासाठी जी चोच असते ती चाकावर होत नाही, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. चाक गोल सोडून दुसरे काही जाणत नाही. चोच काढते ते बोट.

मी शाळेत इतिहास शिकवतो. पुष्कळ वर्षे मी फळ्यावर चाक काढून मुलांना सांगत आलो की माणसाला चाक सापडले, मग भांडी झाली, मग गावे वसली. ही माळ एके दिवशी गेवराई तालुक्यात, गोदाकाठच्या एका कुंभारवाड्यात तुटली. मुलांना घेऊन गेलो होतो. ओसरीवर एक म्हातारी पाटावर राख भुरभुरून मातीचा गोळा थापीत बसली होती. अगदी भाकरी थापावी तसा. करंगळीएवढी जाड पोळी झाल्यावर तिने ती एका पालथ्या गाडग्यावर, मध्ये ओले फडके घालून, अलगद पसरली. कडेला पडलेल्या चुण्या अंगठ्याने जिरवल्या, जादा माती दोऱ्याने कापली. जरा वेळाने, माती पुरती वाळायच्या आत, तिने ते उचलून उलटे केले, तो तिच्या हातात वाडगे! आमच्याकडे असल्या पसरट भांड्याला परळ म्हणतात. वाळताना माती आकसते. गाडग्यावरच राहिली तर तडकते. तेव्हा उचलायची वेळ साधणे हीच खरी विद्या.

“आजी, दारात चाक असताना हा खटाटोप कशाला?” मी विचारले.

“गुर्जी, चाकावर निस्तं तोंड व्हतं. पोट हातानंच करावं लागतंय.”

तिने मग दाखवलेही. चाकावरून उतरते ते जाड बुडाचे, ठेंगणे भांडे. ते अर्धवट सुकले की आत दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत त्याचे पोट फुगवायचे. मडक्याचा घेर येतो तो या थापटण्याने. आणि पिढ्यान्‌पिढ्या चाकाला बायकांनी हात लावायचा नाही, असा दंडक असल्यामुळे माती मळणे, थापणे, सारवणे ही कामे बहुधा त्यांच्याकडेच राहिली. मी फळ्यावर काढीत होतो त्या चित्रात चाक होते, पुरुष होता. ही बाई नव्हती.

घरी येऊन पुस्तके उघडली. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी 1950-51 मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले, आणि तिथल्या भांड्यांवरून महाराष्ट्राच्या एका प्राचीन संस्कृतीला जोर्वे हे नाव पडले. इसवी सनापूर्वी सुमारे 1400 ते 700 हा तिचा काळ. तिची तांबडी, काळ्या रेघांची, तोटीची भांडी चाकावरची. टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी चाक होतेच. नवल असे की त्याच घरांत धान्याचे मोठे रांजण आणि रोजची जाडीभरडी भांडी हातानेच घडवलेली सापडतात. रांजणांवर चिकटवलेल्या मातीच्या पट्ट्यांवर बोटांचे ठसे तसेच आहेत. नेवाशाला, इनामगावला लहान मूल गेले की त्याला अशाच दोन हातघडणीच्या भांड्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्याच जमिनीखाली पुरीत. चाकावरची देखणी भांडी दारात होती. पण लेकराला निजवायला आईबापांनी हाताचेच भांडे घेतले. या एका गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबलो.

इनामगावला डेक्कन कॉलेजचे उत्खनन 1968 ते 1983 चालले. तिथे मातीची एक लंबगोल डबी मिळाली. आत मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती, आणि वर दुसरी मूर्ती व बैल. एका घराच्या अंगणात चार पायांचा रांजण निघाला, त्यात बसवून पुरलेला प्रौढ पुरुष. लंबगोल डबी काय किंवा चार पायांचा रांजण काय, चाकावर फिरणारी वस्तूच नव्हे ती. माणसाला जिवाभावाचे काही करायचे झाले की तो चाक सोडून मातीत हात घालीत होता, असे मला वाटते. विद्वानांनी याला पुरावा म्हणू नये. मास्तराचे मत म्हणावे.

आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर घ्या. सातवाहनांच्या वेळी हे नामांकित व्यापारी गाव होते. तिथल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती पोकळ आहेत. दोन अर्ध्या साच्यांत माती दाबायची आणि दोन्ही अर्धुके जोडायची, अशी ती रीत. गावातल्या लामतुरे संग्रहालयात जुन्या तेरच्या वस्तू पाहायला मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना जरूर न्यावे. गोरोबाकाका याच तेरचे. संतांच्या मेळ्यात त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणाचे मडके कच्चे ते पारखले, आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. त्या कथेत गोरोबांच्या हाती चाक नाही, थापटणे आहे. जातींच्या जुन्या नोंदींत कुंभारांच्या पोटजातींमध्ये थोरचाके, लहानचाके यांच्याबरोबर हातघडे असेही एक नाव येते.

त्या म्हातारीचा मुलगा आणि सून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. थापटणे खुंटीला टांगलेले असते.

आमच्या सहलीत मुलांनीही वाडगी थापली. कुणाची कड फाटली, कुणाचे बूड बसले. एका मुलीचे मात्र एकदम नीट उतरले. पाचवीपासून माझ्या वर्गात असलेली ही पोर कुंभाराची, हे मला त्या दिवशी कळले. तिने कधी सांगितले नव्हते आणि मी कधी विचारले नव्हते. म्हातारीने तिचे वाडगे हातात घेऊन फिरवले, कड चाचपली आणि आपल्या परळांच्या ओळीत, आव्यात जायच्या मालात ठेवून दिले. बाकीची आमची तिने पोरांना परत दिली.